शिकाऊ बाईंना ब्रेक कुणी शिकवायचा?

आमच्या टिंबूच्या वर्गाच्या बाईंना सगळी शाळा ‘शिकाऊ बाई’ म्हणते. मागून नाही, तोंडावर म्हणते, आणि बाई ओ देतात. आज तिसरीत बसणाऱ्या काही मुलांच्या आयासुद्धा त्यांच्याच हाताखालून गेल्या आहेत. केस पिकले, चष्म्याचा नंबर वाढला, तरी नाव शिकाऊच.

त्याचं कारण असं. शाळा सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात बाई वर्गाला विचारतात, “यंदा मला काय येत नाही?” मुलं भराभर सांगतात. त्यातलं एक निवडायचं आणि वर्षभर, सगळ्यांच्या देखत, मुलांकडूनच ते शिकायचं. एका वर्षी विणकाम होतं. त्या स्वेटरला तीन बाह्या झाल्या. बाईंनी तिसरी उसवली नाही, ती फळा पुसायला वापरतात. एका वर्षी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवायची होती. आवाज काही येईना, तुषार मात्र असे उडायचे की पहिल्या बाकावरची मुलं छत्री उघडून बसायची. वर्षाच्या शेवटच्या दिवशी एकदाची शिट्टी वाजली, तर बाहेर रस्त्यावर टॅक्सी येऊन थांबली. टॅक्सीवाल्याला परत पाठवताना वर्गाला कोण आनंद!

हे खूळ कुठून आलं, ते बाईंनी मला एकदा शाळेच्या फाटकाशी सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला त्या अगदी कडक होत्या. खांबासारख्या उभ्या राहायच्या, सगळं पाठ, सगळं अचूक. एके दिवशी वर्गातली एक मुलगी पाढा म्हणता म्हणता अडली आणि भोकाड पसरून बसली. बाई म्हणाल्या, “अगं, एवढं काय रडायचं?” तर ती हुंदके देत म्हणाली, “तुम्ही जन्मल्यापासूनच बाई होतात ना? आमचं तसं नाहीये!”

“त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही बघा मी,” बाई म्हणाल्या. “बरोबरच होतं की तिचं. मुलं दिवसभर कुणाला बघतात? आईला सगळं येतं, बाबांना सगळं येतं, बाईंना तर येतंच येतं. ज्याला काही येत नाही असं माणूस जगात एकच, ते म्हणजे ते पोर. एकटं नाही का वाटणार त्याला? म्हटलं, आपण जाऊन शेजारी बसू.”

मला ते पटलं. पण बाई त्या वेळी सायकल शिकत होत्या, आणि त्यांच्या कोपराला एवढी मोठी पट्टी होती, म्हणून मी फक्त विचारलं, “हेल्मेट घालता ना?”

सायकल बाईंच्या भाचीची, लाल रंगाची, पुढे टोपली असलेली. मधल्या सुट्टीआधी रोज थोडा वेळ शाळेच्या अंगणात तास चालायचा. मुलांनी शिकवायचं ठरवलं ते अगदी शाळेसारखं. अभ्यासक्रम केला, धडे वाटून घेतले. समोरचे दोन दात पडलेला एक मुलगा होता, त्याच्याकडे सीटवर बसणं. भारी बडबड्या दोन जुळ्या बहिणी होत्या, त्यांच्याकडे घंटी, आणि ती त्यांनी पहिल्याच दिवशी शिकवून संपवली. हँडल, पेडल, तोल, वळण, सगळं वाटलं गेलं. शेवटी ब्रेक उरला. तो आमच्या टिंबूला मिळाला.

आता टिंबूविषयी सांगायला हवं. ती वर्गात बोलत नाही. उत्तर येत असतं, पण तोंडातून बाहेर पडत नाही. चुकलं तर, ही तिची भीती. खोडरबरानं खोडून खोडून तिच्या वहीला खिडक्या पडतात, एका पानातून पुढचं पान दिसतं. तिचे बाबा म्हणतात, “तुझ्यावर गेलीय.” मी म्हणते, “माझ्यावर कशी जाईल? मी तर वही आधी कच्ची करून मग पक्की करायचे.” त्यावर ते नुसते बघतात.

पण अंगणात मी एकदा या टिंबूला पाहिलं आणि जागच्या जागी थिजले. डबा विसरली होती म्हणून द्यायला गेले होते. बाई सायकलवर बसलेल्या, चार मुलांनी मागून कॅरिअर धरलेलं, आणि पुढे कमरेवर हात ठेवून आमची मुकी मैना उभी.

“बाई, लक्ष कुठंय तुमचं?” ती म्हणत होती. “मी काय भिंतीशी बोलतेय का? खाली बघू नका म्हणून हजारदा सांगितलं. आणि त्या ब्रेकला हात लावायचा नाही! शिकवल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. मोडलं म्हणजे कोण भरून देणार?”

“नाही लावत गं,” बाई मान खाली घालून म्हणाल्या.

“हे बोट कशाला मग तिथे?”

“चुकून गेलं.”

“चुकून कसं जातं? बोटाला पाय आहेत का?”

डबा देऊन मी परत फिरले. हा आवाज, ही कंबर, ही बोटाला पाय असण्याची चौकशी, सगळं माझ्या ओळखीचं होतं. घरी येऊन तिच्या बाबांना सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

तर ब्रेकचा धडा. टिंबूनं तो किती मनावर घेतला होता म्हणून सांगू! शाळेतून येताना सायकल दुरुस्तीवाल्या काकांच्या दुकानाशी थांबायची. काका तिला उलट्या केलेल्या सायकलची तार दाखवायचे, रबर दाखवायचे. घरी आली की आरशासमोर उभी राहून सुरुवात करायची, “बाई, आज आपण ब्रेक...” आणि लगेच, “नाही, नाही, पुन्हा.” मी विचारायचे, “झाला का गं धडा?”

“तयारी चालू आहे.”

“अगं, पण बाई सायकल चालवतायत ना?”

“पडतायत अजून. पडणाऱ्या माणसाला ब्रेक कशाला?”

यात मला काही खोट काढता आली नाही. खरोखरच, थांबणं हा प्रश्न आजवर पडण्यानं आपोआप सुटत होता. संध्याकाळी बाईंचे मिस्टर कापूस आणि मलम घेऊन दारातच उभे असत. ते बँकेत रोखपाल होते, आता निवृत्त आहेत, शांत माणूस. “आज कुठला विषय?” विचारायचे. “गुडघा,” बाई सांगायच्या. मग ते गुडघा करायचे.

अशात शाळेच्या मंडळाला नवे अध्यक्ष आले. त्यांचं गाद्यांचं मोठं दुकान आहे. माणूस वाईट नाही, पण ते कुठल्यातरी शिबिराला जाऊन आले होते, आणि शिबिराहून आलेला माणूस काही काळ जपूनच हाताळावा लागतो. त्यांनी फर्मान काढलं की प्रत्येक शिक्षकानं पालकांसमोर उभं राहून ‘माझं शिक्षणाचं तत्त्वज्ञान’ सांगायचं. ज्याचं मंडळाला पटणार नाही, त्याचा वर्ग काढून घेणार.

आणि शिकाऊ बाईंबद्दल तक्रारी आधीच गेल्या होत्या. “बाई शिकवतात की पडतात?” असं एका वडिलांनी लेखी विचारलं होतं. मुख्याध्यापक सरांनी बाईंना बोलावून घेतलं. सर मनानं मऊ, पण नोकरीनं घाबरट.

“बाई, अध्यक्षांच्या मनात तुम्हाला साहित्य खोलीत बसवायचं आहे. नकाशे, खडू, पृथ्वीचे गोल. तिसरी जाणार तुमच्याकडून. त्या दिवशी एवढं एक चांगलं भाषण करा. पुस्तकातलं करा, माझं करा, कुणाचंही करा, पण उभ्यानं करा. सायकल आणू नका.”

“सर, माझं तत्त्वज्ञान सायकलवरच आहे,” बाई म्हणाल्या. “खाली उतरलं की आठवत नाही.”

हे सरांनीच मला सांगितलं, डोकं धरून. टिंबूनं ऐकलं आणि रात्री जेवली नाही. बाई साहित्य खोलीत गेल्या तर आपल्या वर्गावर कोण, ते तिला माहीत होतं. हस्ताक्षराचे सर. त्यांच्या वर्गात खाडाखोड दिसली की पान फाडून हातात देतात.

तो दिवस उजाडला. अंगणात मांडव घातलेला, समोर खुर्च्या, मधल्या खुर्चीत अध्यक्ष, शेजारी सर. आम्ही पालक मागे. पहिल्या बाई उठल्या. “मूल म्हणजे कोवळं रोपटं, शिक्षक म्हणजे माळी.” टाळ्या. दुसरे सर उठले, त्यांचा चेहरा पडलेला, कारण त्यांच्याही कागदावर रोपटंच होतं. तरी त्यांनी ते म्हटलं. तिसऱ्यांनी ऐन वेळी रोपट्याचा वेल केला. चित्रकलेच्या बाईंनी त्याला कुंडी दिली. खेळाच्या सरांनी रोपट्याला व्यायाम हवा असं निक्षून सांगितलं. शाळेचा खरा माळी माझ्यामागेच नळाशी उभा होता. तो हळूच म्हणाला, “एवढे माळी आहेत, आणि पाणी मी एकटाच घालतो!”

शेवटी शिकाऊ बाईंचा नंबर आला. त्या लाल सायकल हातात धरूनच आल्या. डोक्याला हेल्मेट होतं, एवढं मी पाहून घेतलं. सरांनी डोळे मिटले. बाईंनी नमस्कार केला, सीटवर बसल्या, मुलांनी कॅरिअर धरून ढकललं, सोडलं, आणि बाई निघाल्या.

निघाल्या म्हणजे काय, सुटल्याच! आजवर कधी इतकं जमलं नव्हतं. तोल पक्का, हँडल सरळ, वळण तर असं घेतलं की वळणाची जबाबदारी असलेली मुलगी स्वतःच टाळ्या वाजवायला लागली. अंगणाला फेरी मारून बाई अध्यक्षांसमोरून गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, “माझं तत्त्वज्ञान असं—”

आणि पुढे गेल्या.

“असं कसं?” अध्यक्षांनी सरांना विचारलं.

“येतीलच आता,” सर म्हणाले.

बाई आल्या. “—की मुलांनी येणारं माणूस खूप बघितलं—”

गेल्या. आम्ही सगळे माना डावीकडून उजवीकडे फिरवत होतो. पुढच्या फेरीला, “—आता न येणारं माणूसही—” आणि त्याच्या पुढच्या फेरीला, “—बघू द्या की थोडं!” घंटी वाजली. मुलांनी जल्लोष केला. पालकांनीही टाळ्या वाजवल्या, ते पत्र लिहिणारे वडीलसुद्धा वाजवत होते.

“छान! संपलं ना?” अध्यक्ष म्हणाले. “उतरा आता, बाई.”

बाई समोरून गेल्या. “उतरायचं अजून—”

फेरी.

“—झालं नाही!”

“काय झालं नाही?”

फेरी.

“शिकून!”

अध्यक्षांना वाटलं, हाही तत्त्वज्ञानाचाच भाग. ते मान डोलवू लागले. पण तिसरीचा वर्ग गप्प झाला होता. जुळ्या बहिणी एकमेकींच्या कानात काहीतरी बोलल्या. दात पडलेला मुलगा जोरात म्हणाला, “थांबायचं कुणाकडे होतं रे?” आणि सगळा वर्ग हळूहळू टिंबूकडे वळला.

माझी लेक पांढरीफटक पडली होती. तयारी चालूच होती ना! आणि बाईंनी आपल्या शिक्षिकेचा शब्द इतका पाळला होता की आताही दहाच्या दहा बोटं ब्रेकपासून लांब, हँडलच्या टोकाला घट्ट चिकटलेली. शिकवल्याशिवाय हात लावायचा नाही.

एव्हाना बाईंची कानशिलं लाल झाली होती. “सर,” त्या जाता जाता म्हणाल्या, “मी दमले हो!”

पेडल मारणं थांबवलं असतं तर सायकल आपोआप थांबली असती, हे तुम्हाला आणि मला कळतं. पण पेडलच्या धड्यात मुलांनी शिकवलं होतं, ‘पाय थांबले की पडाल, काहीही झालं तरी पाय थांबवायचे नाहीत.’ आणि अध्यक्षांसमोर पडलं की वर्ग गेला, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

मी उठले. “अहो बाई, ब्रेक...” एवढं माझ्या तोंडातून निघतंय तोच टिंबूच्या बाबांनी मला बाहीला धरून खाली बसवलं.

“तिचा धडा आहे.”

“अहो पण त्या पडतील!”

“पडू दे. तिचा धडा आहे.”

आणि टिंबू धावली. मांडवातून, खुर्च्यांमधून, एका खुर्चीवरून तर थेट उडी मारून. ती सायकलच्या बाजूनं पळायला लागली आणि सगळ्या शाळेसमोर, मंडळासमोर, जन्मात पहिल्यांदा ओरडली.

“बाई! आज आपण ब्रेक शिकणार आहोत!”

“शिकव गं बाई लवकर!”

“ते बोटांसमोरचे दोन दांडे! उजवा दाबा! नाही, डावा! नाही, थांबा, मला...”

“थांबायचंच तर आहे! कुठला ते ठरव!”

“माहीत नाही!” टिंबू किंचाळली. “पक्कं नाही माहीत! दोन्ही दाबा! हळू दाबा! चुकलं तर चुकलं!”

बाईंनी दाबले. सायकल कचकन नाही, बऱ्यापैकी अदबीनं थांबली. थांबली ती अध्यक्षांच्या समोर, पुढचं चाक त्यांच्या दोन गुडघ्यांच्या मधोमध. टोपली त्यांच्या पोटाला टेकलेली. बाई सीटवर ताठ बसलेल्या, पाय अजून पेडलवर.

“आता?” त्यांनी विचारलं.

टिंबू धापा टाकत होती. वर्गानं एकमेकांकडे पाहिलं. पाय जमिनीला टेकवणं अभ्यासक्रमातच नव्हतं.

बाई हळूहळू डावीकडे कलायला लागल्या. अध्यक्षांनी त्यांना सावरायला हँडल धरलं, आणि मग बाई, सायकल, अध्यक्ष आणि खुर्ची असे सगळे मिळून, घाई न करता, आडवे झाले.

सरांनी पुन्हा डोळे मिटले.

टिंबू तिथेच उभी होती. मला वाटलं, झालं, आता ही महिनाभर बोलणार नाही. पण तिनं नाक पुसलं आणि मोठ्यानं म्हणाली, “चुकलं माझं. पाय आधी सांगायला हवे होते. बाई, उठा, पुन्हा करू.” मग तिनं अध्यक्षांकडे पाहिलं, आणि तिचा हात कमरेवर गेला. “तुम्हीपण उठा. काही लागलेलं नाहीये. रडायचं नाही.”

“मी कुठे रडतोय?” अध्यक्ष म्हणाले, आणि लगेच उठून बसले.

“गुडघे झटका.”

त्यांनी झटकले. मग खुर्ची सरळ केली, तिच्यावर बसले आणि टिंबूकडे वळले. “मला सांग, इतका सोपा धडा तू आधीच का नाही शिकवलास?”

“मला वाटायचं, सगळं आलं की मगच तोंड उघडायचं.”

“आणि आता?”

“अर्धं आलं तरी उघडते,” टिंबू म्हणाली. “उरलेलं ओरडता ओरडता येतं.”

अध्यक्ष मंडळाच्या लोकांशी कुजबुजले. मग उभे राहिले. बाई मातीत बसून हेल्मेटचा पट्टा चाचपत होत्या. त्यांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा भ्यालेला पाहिला.

“या बाईंना साहित्य खोलीत ठेवता येणार नाही,” अध्यक्ष म्हणाले. “तिथे शिडी आहे. या शिडी चढायला शिकतील, आणि पृथ्वीचे सगळे गोल खाली आणतील. त्यापेक्षा तिसरीत बऱ्या. मुलं लक्ष तरी ठेवतात.” मग थोडं थांबून म्हणाले, “मात्र अंगणात एक गादी टाकायची. दुकानातून मी पाठवतो. जाड पाठवतो.”

सरांनी डोळे उघडले. वर्गानं जो काही गोंधळ घातला, त्यात बाईंना उठवता उठवता पुन्हा एकदा पाडलं. गडबडीत माळी मात्र अध्यक्षांना गाठून विचारत होता, गादी उन्हात टाकायची की सावलीत, आणि तिला पाणी घालावं लागतं का.

आता गादी आली आहे. तिच्यावर दुकानाचं नाव मोठ्या अक्षरांत आहे, बाई पडल्या की बरोबर वाचता येतं. पण हल्ली त्या फारशा पडत नाहीत. पाय टेकवायचा धडा टिंबूनं दुसऱ्याच दिवशी घेतला, विनातयारी, आणि तो साफ चुकला, म्हणून त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतला. वर्गात ती आता हात वर करते. उत्तर बरोबर असतंच असं नाही. बाईंच्या मिस्टरांना संध्याकाळी काम राहिलेलं नाही, ते जरा हिरमुसलेले दिसतात.

परवा जेवताना टिंबूनं मला विचारलं, “आई, तुला सायकल येते?”

“नाही.”

“खरंच? अजिबात नाही?” तिचा चेहरा असा फुलला, जसा काही मी तिला खाऊच आणला होता. “बाबा, आईला सायकल येत नाही!”

“मला माहितीये,” तिचे बाबा ताटात बघत म्हणाले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आमच्या अंगणात तास असतो. बाईंनी भाचीची सायकल आम्हाला देऊ केली. सध्या ती स्टँडवर उभी असते आणि मी तिच्यावर बसून नुसतं पेडल मारते. मी टिंबूला म्हटलं, “आधी ब्रेक शिकव गं मला, निदान तेवढं तरी.” तर म्हणाली, “तुला तो येतो. तू नुसती बसलीस तरी ब्रेक लागतात.” स्टँड कधी काढणार ते ती सांगत नाही. पडण्याचा धडा त्याच्या आधी घ्यायचा आहे म्हणे. मी तिला सांगितलंय, सावकाश घे, घाई नाही. पण ही पोरगी आता तयारीला वेळच लावत नाही.